आठव्या फासळीची रांग

वसंता, आज शुक्रवार आहे. परवा सकाळी राजूरले तुह्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे, अन् आपल्या प्लास्टिकच्या डाकोटा विमानाचा उजवा पंख अजून माह्या टेबलावर तसाच पडून आहे. वहिनीनं ठरवलं की तुहा फोटो इकडे, तुह्या बापाचा फोटो तिकडे, अन् मधात आपलं विमान. रोज सकाळी तिचा फोन येते. "भाऊजी, होईन ना?" मी रोज "होईन" म्हणतो अन् फोन ठेवल्यावर गटागटा पाणी पितो.

तुले हसू येत असन. मले तू काळजीचं पोतं म्हणे. दुकानाले कुलूप लावून अर्ध्या रस्त्यातून परत येणारा अन् कुलूप ओढून पाहणारा माणूस मी, अन् माह्याच गळ्यात हे घालून तू गेला. आज नऊ दिवस झाले. नऊ दिवसांत मी गॅस बंद आहे की नाही हे रात्रीतून चारदा पाह्यलं असन, अन् पंख एकदाच पाह्यला.

लोकं तुह्याबद्दल लय बोलून राह्यले. खाणीच्या वर्कशॉपातला फिटर, सरळ माणूस, कोणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. ते सारं रविवारी भाषणात येईनच, माइकवाला सांगून ठेवला आहे. मले त्याच्यातलं काही लिहाचं नाही. मले तुह्यासोबत एक गोष्ट निस्तराची राहून गेली, ते लिहून राह्यलो. तोंडानं सांगाले पायजे होती, हे कबूल आहे. पाच रविवार मिळालते त्याच्यासाठी.

पहिल्यांदा तू दुकानात आला तो तुह्या मायची तुटलेली कवळी घेऊन. वणीचं माहं ते चिंचोळं दुकान, समोर बाकडं, मागे कवळ्या घासाची मशीन. म्या म्हटलं, दोन तास लागतीन. लोकं बसले की मोबाइल पाह्यते, नाही तं छताकडे पाह्यते. तू माह्या हत्यारांकडे पाहत होता. मंग म्हणे, "हे आकडीचं हत्यार किती बारीक रेघ मारते?" म्या म्हटलं, हे कवळी कोराचं आहे बावा, रेघा माराचं नाही. तू खिशातून रुमाल काढला, रुमालातून प्लास्टिकच्या विमानाचं अर्धं पोट काढलं अन् माह्यापुढे धरलं. "मारून पाह्य." ओळख ना पाळख, अन् सरळ 'पाह्य'. म्या मारून पाह्यली. रेघ अशी निघाली की तू ते पोट उजेडात धरून पाच मिनिटं पाहतच बसला. तुही माय बाकड्यावर बिनदाताची बसून होती. तिच्या कवळीले त्या दिवशी दोनाचे चार तास लागले अन् जाताना ती मले काय बोलली ते बिनदाताचं असल्यामुळे समजलं नाही.

एकोणीस वर्षं झाले त्याले. तेव्हापासून दर रविवारी तू राजूरहून यायचा, दुकानाचं शटर अर्धं खाली, अन् आपण दोघं लढाईतली विमानं करत बसाचो. लोकांले वाटे, म्हातारपणी पोट्ट्यांसारखं काय खेळून राह्यले. यवतमाळच्या त्या प्रदर्शनात एका पोट्टीनं तुले विचारलं होतं, "आजोबा, हे उडते काय?" तू तिले पत्रा म्हणजे काय, रेघ म्हणजे काय, रिव्हेट म्हणजे काय, हे अर्धा तास सांगतलं. ती बिचारी मायचा पदर ओढून ओढून थकली. परत येताना एसटीत तू खुशीत होता. म्हणे, "पोट्टीले समजलं बरं का." म्या म्हटलं, तिले एवढंच समजलं की इथून पुढे म्हाताऱ्याले प्रश्न विचाराचा नाही.

खरं तं मलेही हे सारं तूच शिकवलं. खऱ्या विमानाच्या पंखात आडव्या फासळ्या असते, अन् वरचा पत्रा त्या फासळ्यांले रिव्हेटनं ठोकलेला असते. म्हणून पंखावर रिव्हेटच्या रांगा दिसते. रांग जिथे, तिथे आत फासळी. दोन पत्रे जिथे मिळते तिथे बारीक रेघ. खोक्यात येणाऱ्या विमानावर हे काही नसते, नाही तं असते ते फोडासारखं ढोबळ. आपण ते घासून सपाट कराचो अन् नव्यानं काढाचो. मी रेघा माराचो, कोराच्या हत्यारानं. तू रिव्हेट माराचा. इंजेक्शनची सुई आडवी घासून सपाट केली अन् तिचं तोंड प्लास्टिकवर टेकवून जरासं दाबलं की बारीक गोल टोपी उमटे. एक झाला. मंग दुसरा. अशा एका पंखावर किती, ते मी मोजणं सोडून दिलतं, तू नाही.

अन् तुह्या घरचा नियम असा की रिव्हेट एकट्यानं माराचा नाही. पंखाचा अर्धा भाग आतून पोकळ, प्लास्टिक पातळ. सुई दाबली की ते लवे अन् टोपी वाकडी बसे. म्हणून मी खालून अंगठा लावाचा. तू म्हणे, "धर." मी म्हणो, "धरलं." तू दाबे. मंग मी खालून नखानं वाजवून सांगाचं, कसा बसला ते.

हे तुह्या बापाकडून आलं. लढाईच्या काळात तो विमानं दुरुस्त कराच्या शेडमधी होता. शाळा शिकला नव्हता, अंगानं बारीक होता, म्हणून त्याले विमानाच्या पोटात घालत. बाहेरून एक जण हवेच्या हातोड्यानं रिव्हेट मारे, आतून तुहा बाप लोखंडाचा ठोकळा दाबून धरे. बाहेरच्याले आतलं दिसत नाही, आतल्याले बाहेरचं दिसत नाही, अन् आवाजात बोलणं ऐकू येत नाही. म्हणून आतला माणूस पत्र्यावर ठोकून सांगे. एकदा ठोकलं, अजून मार. दोनदा ठोकलं, बसला, पुढे चाल. तीनदा ठोकलं, बिघडला, काढून टाक. त्या शेडमधी तुह्या बापाचं पाणी वेगळ्या माठातलं होतं. पण त्यानं आतून तीनदा ठोकलं की बाहेरच्याले तो रिव्हेट काढाच लागे, मंग तो कितीही मोठ्या घरचा असो. हे सांगताना दर वेळी तू थांबे अन् माह्याकडे पाहे, मले नीट समजलं की नाही ते.

त्या आवाजानं तो पुढे बहिरा झाला, अन् घरीही ठोकूनच बोलाले लागला. तू मॅट्रिक पास झाला तेव्हा त्यानं तुह्या पाठीवर दोनदा ठोकलं. एवढंच तू सांगतलं होतं, अन् चष्मा पुसत बसला होता.

म्हणून तुले डाकोटा कराचं होतं. त्याच विमानाच्या पोटात तो पडून राहे. आपण बारा-पंधरा विमानं केली, पण डाकोटाले तू हात लावत नव्हता. म्हणे, अजून हात तयार झाला नाही. दोन वर्षांपूर्वी एकदाचं ते खोकं उघडलं, अन् त्या दिवशी तू माह्या दुकानात चप्पल बाहेर काढून आला होता. मीही काढली.

आता तुह्या खडूसपणाचंही लिहितो, नाही तं रविवारच्या भाषणात तू निव्वळ देवमाणूस होऊन बसशीन. ते लढाऊ विमान आठवते तुले? त्याच्या पोटावरची माही एक रेघ अर्धा मिलिमीटर तिरपी गेलती. तू मापाची पट्टी लावली अन् ती तिथंच ठेवून दिली. म्या रेघ बुजवली. बुजवाले माह्याजवळ कवळीचाच मसाला, तो गुलाबी. परत मारली, परत तुही पट्टी. तिसऱ्यांदा बुजवली तेव्हा विमानाच्या पोटाले चांगल्या हिरड्या आल्यासारख्या दिसत होत्या. मी भडकलो. म्हटलं, अर्ध्या मिलिमीटरनं कोणाचं काय गेलं? तू म्हणे, "कवळी अर्धा मिलिमीटर चुकली तं चालन का तुले?" म्या म्हटलं, कवळीवाला येऊन शिव्या देते, विमानात कोण बसलं आहे शिव्या द्याले? सहा आठवडे आपण बोललो नाही. सातव्या रविवारी तू आला, बाकड्यावर बसला अन् म्हणे, "मी बसलो आहे ना." अन् खरंच दोन शिव्या दिल्या. मंग चहा झाला.

अन् आपलं ते कधी न संपणारं भांडण. मी म्हणो, खरं विमान दूरवर उभं असलं तं त्याचा एक तरी रिव्हेट दिसते का? मंग एवढुशा विमानावर ते कायले पायजे? तू म्हणे, "दिसत नाही म्हणून नसते काय? विमानात बसलेल्याले माहा बाप तरी कुठे दिसला होता." याच्यावर मी चहा ठेवाले उठो.  

तं आता ती निस्तराची राह्यलेली गोष्ट सांगतो.

विमानाच्या नकाशावरून रांगा छापून घ्याचं काम माहं होतं. एकेका फासळीची एकेक बटर पेपरची पट्टी. ती पट्टी तू पंखावर चिकटवे अन् तिच्या ठिपक्यांवरून सुई दाबे. डाव्या पंखाची आठवी पट्टी म्या मागच्या दिवाळीनंतर काढली. लाइन गेलती. मी खिडकीपाशी बसून ठिपके देत होतो, तेवढ्यात लाइन आली, वरचा पंखा सुरू झाला अन् कागद उडाला. म्या तो परत बसवला, डोळ्यानं. मापाची पट्टी हाताशी पडली होती. लावली नाही.

माही याडी, म्हणजे माय, तांड्यावर कशिदा काढे. एक टाका चुकला की अख्खी रांग उसवे, मंग लग्न उद्यावर का असेना. तिचा पोरगा मी. कवळी करताना दहादा मोजणारा. त्या दिवशी एकदाही मोजलं नाही.

दोन मिलिमीटर, वसंता. रांग दोन मिलिमीटर बाहेर गेली. आपलं विमान खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचं, म्हणून बहात्तरनं गुण. खऱ्या विमानात ते चौदा सेंटिमीटर होते. तुह्या हिशेबानं त्या रिव्हेटखाली फासळीच नाही, पत्रा नुसता हवेत ठोकलेला. अन् तू ते कसं पाह्यलं नाही? तं तू साऱ्या जगाच्या कामाले पट्टी लावे, कंपनीच्या नकाशाले लावे, माह्या रेघांले तं लावेच लावे. पण माह्या कागदाले तू कधी लावली नाही. कागदावर मी चुकत नाही असं तू मनाशी धरून बसला होता. चौतीस रिव्हेट होते त्या रांगेत. चौतीस वेळा म्या खालून दोनदा वाजवलं. बसला, पुढे चाल.

हे मले समजलं गेल्या महिन्यात. उजव्या पंखाच्या बाकी रांगा होत आल्या होत्या, आठवीच राह्यली होती. तिची पट्टी काढाले म्या डाव्या पंखाची जुनी पट्टी नकाशावर उलटी ठेवली, अन् ती नकाशातल्या फासळीवर बसेना. तीनदा मोजलं. चौथ्यांदा चष्मा बदलून मोजलं.

तेव्हाच सांगाले पायजे होतं. तीन टिचक्या, बस. पण तू डावा पंख वहिनीले दाखवून झालता, बापाच्या फोटोले दाखवून झालता. तुले दम लागून राह्यला होता, पायऱ्या चढताना थांबे. मनात म्हटलं, पुढच्या रविवारी सांगू. पुढच्या रविवारी तू विचारलं, आठवीची पट्टी? म्या म्हटलं, कागद संपला. त्याच्या पुढच्या रविवारी म्हटलं, डोळे दुखते. मंग म्हटलं, नकाशा घरी राह्यला. नकाशा तुह्या डोळ्यासमोर खिळ्याले टांगलेला होता. तू तिकडे पाह्यलं, मंग माह्याकडे पाह्यलं.

पाचव्या रविवारी तू म्हणे, "हऱ्या, एका रांगेले महिना?" अन् मी, चोराच्या उलट्या बोंबा, तुह्यावरच खेकसलो. "एक रांग इकडची तिकडे झाली तं विमान पडते काय?" तू चहाचा कप खाली ठेवला. म्हणे, "माह्या बापाचं पडलं असतं." मंग खिळ्यावरचा नकाशा काढला, पंखाचा डबा घेतला, अन् चहा अर्धा ठेवून गेला. बुधवारी सकाळी वहिनीचा फोन आला.

ते तुहं शेवटचं वाक्य आहे माह्याजवळ. कुठे ठेवू ते मले समजून नाही राह्यलं. जेवताना आठवते, कोणाच्या जबड्याचं माप घेताना आठवते.

पाचव्या दिवशी वहिनीनं डबा माह्या हातात दिला. "फक्त एक रांग राह्यली म्हणत होते," ती म्हणाली. मी डबा घरी आणला अन् कपाटात ठेवला. उघडाची हिंमतच होईना. काल उघडला.

उजव्या पंखावर तू पेन्सिलीनं आठवीची जागा आखली होती. स्वतः, नकाशावरून, पट्टी लावून. भिंगातून पाह्यलं तं तिथे दोन रेघा. एक बरोबर जागेवर, खोडलेली. दुसरी तिच्या दोन मिलिमीटर बाहेर, गडद. डाव्या पंखासारखीच चुकीची. अन् त्या चुकीच्या रेघेवर अकरा रिव्हेट. खालून कोणाचा अंगठा नव्हता, म्हणून अकराही वाकडे.

तेव्हापासून माह्या डोक्यात हेच फिरून राह्यलं. तू रागानं मारले काय? पुढच्या रविवारी ते माह्यासमोर ठेवून, "पाह्य, हे आहे तुहं काम," असं म्हणणार होता काय? तसं असन तं ठीक आहे, दे शिव्या, मी बसलो आहे. पण मले त्याच्याहून जास्त धाक दुसऱ्याच गोष्टीचा आहे. तू बरोबर रेघ आखली, मंग डावा पंख मोजला, दोन मिलिमीटरचा फरक आला, अन् तुले वाटलं असन की नकाशा चुकला. हऱ्या कसा चुकन. म्हणून बरोबर रेघ खोडली अन् माही चूक खरी धरली. असं असन तं तू फसून गेला, वसंता. माह्यावर विश्वास ठेवून फसून गेला, अन् मी ते सांगाले पाच रविवार लावले.

उद्या राजूरले जाईन. पिशवीत मापाची पट्टी घेतली, सुई घेतली, गुलाबी मसाल्याची बाटलीही घेतली. तुहे अकरा बुजवून बरोबर रेघेवर नव्यानं मारू का तुहीच रेघ पुढे नेऊ, ते अजून ठरलं नाही. बरोबर मारलं तं दोन पंख दोन तऱ्हेचे, अन् तुहे अकरा पुसले जाते. चुकीचं मारलं तं तुह्या बापाच्या फोटोसमोर मी जाणूनबुजून हवेत रिव्हेट ठोकले असं होते. म्या पट्टी पिशवीतून काढली, परत टाकली. आता बस करतो, कुलूप पाह्यचं आहे.

*

शनिवार, संध्याकाळ झाली. तुह्याच घरून लिहून राह्यलो, मागच्या खोलीतून. समोर मांडववाले दोरी बांधून राह्यले.

दुपारी पोहोचलो तं घरात पाहुणे. वहिनीनं मले सरळ मागे आणलं, जिथे तिची शिलाई मशीन आहे. मशीनवरचं कापड बाजूले केलं, वरचा बल्ब लावला. म्या पंख काढला, सुई काढली, अन् सुई एकदा या रेघेवर टेकवली, एकदा त्या रेघेवर, पण दाबाले होईना.   वहिनीनं सुई माह्या हातातून घेतली. "तुम्ही धरा भाऊजी. मी मारतो. ब्लाउजाले काजं करून करून माहा हात बसला आहे."

मी अंगठा लावला अन् लावता लावता म्हटलं, वहिनी, थांबा. अन् सारं सांगून टाकलं. लाइन आली ते, कागद उडाला ते, दोन मिलिमीटर, चौदा सेंटिमीटर, खोटे बोललो ते. तिच्याकडे न पाहता सांगतलं, पंखाकडे पाहून. म्हटलं, त्याले माहीतच नव्हतं. तो माह्या कागदाले खरं धरून गेला.

वहिनी म्हणे, "माहीत होतं न त्याईले."

आपल्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशीचं, सोमवारचं तिनं सांगतलं. तू दुपारी इथंच पट्टी घेऊन बसला. नकाशा मोजला, डावा मोजला, उजवा मोजला. मंग हसला म्हणे. म्हणाला, "हऱ्या महिनाभर काहून लपून राह्यला होता ते आता समजलं." वहिनी म्हणाली, मंग फोन करून सांगा त्याईले, उगाच जिवाले खात असन माणूस. तं तू म्हणाला, "सांगतलं तं तो डावा पंख फेकून देईन अन् नव्यानं करत बसन, झोपणार नाही. आपण इकडेही तशीच मारून टाकू. रविवारी नेऊन दाखवू, म्हणजे विषयच संपला." अन् बरोबर रेघ खोडून टाकली.

"मले म्हणे, धर," वहिनी सांगत होती. "माहे हात कणकीत. म्या म्हटलं, भाऊजीले येऊ द्या न रविवारी, ते धरतीन. तं म्हणे, नाही, ही एक रांग त्याच्याशिवाय होऊ दे. अकरा झाले अन् दम लागला, मंग ठेवून दिलं."

म्या विचारलं, हे मले आधी काहून नाही सांगतलं. ती म्हणे, "तुम्ही कुठे विचारलं? मले वाटलं, पाहून समजलं असन. तुम्ही दोघं तं ठोकून ठोकूनच बोलता."

मंग मी रडलो, वसंता. मागच्या खोलीत, शिलाई मशीनपाशी, म्हाताऱ्या माणसानं रडू नये तसा रडलो. अन् रागही आला तुहा. माह्या अर्ध्या मिलिमीटरसाठी विमानाले हिरड्या आणणारा तू, अन् तुह्या बापाच्या विमानावर दोन मिलिमीटर गिळून बसला. तुले कोणी सांगतलं होतं? शिव्या द्याच्या होत्या न लेका. मी ऐकल्या असत्या. एकोणीस वर्षांत तू पहिल्यांदा माह्या चुकीवर पट्टी ठेवली नाही, अन् ते पाहाले मी समोर नव्हतो.

वहिनीनं चहा आणला. चहा झाल्यावर म्हणाली, "चाला भाऊजी, तेवीस राह्यले."

गडद रेघेवरच मारले. ती म्हणे, "धरा." मी म्हणो, "धरलं." तिले म्या टिचक्यांचं सांगतलं तं म्हणे, माहीत आहे, सासरे घरात तसंच बोलत. पहिल्या दोनदा म्या एक टिचकी दिली, अजून मार. तिसऱ्यापासून तिचा हात बसला. एकेक सरळ, एकेकाले दोन टिचक्या. पाहुण्यांपैकी कोणी तरी दारात आलं, पाह्यलं, अन् परत गेलं. तेविसावा झाला तेव्हा बाहेर माइक टेस्टिंग सुरू झालं होतं.

वहिनीनं पंख बल्बाखाली धरला. म्हणे, "आपले चांगले आले. पण त्याईचे अकरा वाकडेच आहे हो भाऊजी. तुम्ही तो गुलाबी मसाला आणला न? काढाचे असतीन तं आताच सांगा, परत मारून देतो. उद्या सारे पाहतीन."

वाकडे होते. बिघडलेलेच होते, तुह्या बापाच्या शेडमधी एकही चालला नसता. बाटली पिशवीत होती. म्या पंख तिच्या हातातून घेतला, अंगठा खालून तुह्या पहिल्या रिव्हेटपाशी नेला, अन् नखानं दोनदा वाजवलं. मंग दुसऱ्यापाशी नेला. अकराही रिव्हेटांले दोन दोन दिल्या.